अलाइनमेंटकाका

सोसायटी कुठलीही असो, पार्किंगमध्ये एक अलाइनमेंटकाका असतातच. दुधाची पिशवी तुमच्या बॉनेटवर ठेवून काका पुढच्या चाकापाशी उकिडवे बसलेले दिसले, की समजावं, आज ऑफिसला लेट मार्क.

टायरवरून ते तळहात आधी बाहेरून आत फिरवतात, मग आतून बाहेर. आत जाताना गुळगुळीत, बाहेर येताना रबराची कड बोटांना टोचते. "टो गेलाय! चाकं समोर बघायचं सोडून एकमेकांकडे बघतायत." तुमचाही हात काळा करायला लावल्याशिवाय ते उठत नाहीत.

वैताग याचा, की काकांचं निदान सहसा चुकत नाही. टो थोडासा जरी हलला, तरी नवाकोरा टायर काही हजार किलोमीटरांत टकला होतो. "गाडी डावीकडे ओढते हो," असं कुणी म्हणालं, की ते आधी हवा तपासायला लावतात, मग रस्ता कुठला ते विचारतात. पाणी वाहून जावं म्हणून आपल्याकडे रस्त्याला कडेकडे उतार असतो, गाडी थोडी तिकडे झुकणारच. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरानं गाडी खाली बसवून घेतली, तेव्हा वरून आत कललेली चाकं बघून काका म्हणाले, "कॅम्बर निगेटिव्ह. वळणावर रस्ता घट्ट धरेल, पण टायर आतून खाईल. तू वळणावर राहतोस का?"

नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं म्हणून अलाइनमेंट करून आलेल्या माणसाशी तर त्यांनी बोलणंच टाकलं. ते काम बॅलन्सिंगचं!

सगळ्यात हाल अलाइनमेंटच्या दुकानातल्या पोराचे. काका आपल्यासोबत येतातच. पोरगा मशीनवर गाडी घेतो न घेतो, तोच, "आधी टाय रॉडचा प्ले बघ. सांधा ढिला असेल तर आकडे काय चाटायचेत?" स्क्रीनवरचे लाल आकडे हिरवे झाले, तरी समाधान नाही. "कॅस्टर दोन्हीकडे सारखा आहे का? वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होतं, ते त्याच्या जिवावर."

"काका, या गाडीला कॅस्टरचं सेटिंगच नसतं."

"माहितीये मला. बघ तर खरं."

शेवटी पोरानं हात जोडले. "काका, तुमची गाडी कुठली?"

"विकली. रिक्षानं फिरतो. पुढे एकच चाक, टोची भानगडच नाही."