बाकी सगळं आहे

सकाळी सव्वासहाला अण्णांचा फोन आला. "सर, घेऊन टाकली."

"काय?"

"कटर मशीन. टेबलाची, दहा इंची. बाकी सगळं आहे, फक्त गाईड नाही."

जुनी, अपुरी वस्तू आणून जोडत बसणाऱ्या या जातीच्या माणसांचं स्वतःचं एक व्याकरण असतं. वाक्य ‘बाकी सगळं’नं दणक्यात सुरू होतं आणि ‘फक्त’पाशी आल्यावर आवाज खाली जातो. अण्णांच्या घरी शिवणयंत्र आलं तेव्हा बाकी सगळं होतं, फक्त चाक नव्हतं. स्कूटर आली तेव्हा फक्त कागदपत्रं नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात तर खरोखरच सगळं होतं, फक्त ते वेळ दाखवत नव्हतं. अण्णांना नवी वस्तू परवडत नाही असं मुळीच नाही. नव्या वस्तूशी त्यांचं जमत नाही. ती खोक्यातून निघते, बटण दाबलं की चालते आणि संध्याकाळपर्यंत विषय संपतो. मग माणसानं करायचं काय?

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आयुष्य नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, पाण्याची पातळी पाहण्यात गेलं. तसं पैठणात आम्ही सगळेच अर्धेमुर्धे पाटबंधारेवाले. दोन माणसं भेटली की ‘बरं आहे का’ नंतर येतं, आधी ‘धरण किती झालं?’ १५२२ फूट म्हणजे धरण भरलं, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. त्यामुळं मीही सवयीनं विचारलं, "मशीन किती टक्के आहे?"

"साठ."

"जिवंत साठ्याचे का एकूण?"

पलीकडं शांतता पसरली. पैठणकराला या प्रश्नातली खोच सांगावी लागत नाही. धरणात १०२ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं २६ टीएमसी मृतसाठा असतो. ते असतं, मोजता येतं, सोडता मात्र येत नाही.

दुपारी छोटा हत्ती दारात लागला तेव्हा मृतसाठ्याचा अंदाज आला. संभाजीनगरात एका बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्यातून निघालेली मशीन पन्नास किलोमीटर हादरे खात आली होती. गाईड नव्हतीच; लाकूड जिच्या कडेला टेकवून सरळ ढकलायचं ती पट्टी. पात्यावरचा गार्डही नव्हता. पट्टा नव्हता. पातं खालीवर करायचं हातचाक नव्हतं, आणि पातं शाफ्टवर आवळून धरणारा नटही नव्हता. गार्ड निघताना होता, असं छोटा हत्तीवाल्याचं म्हणणं. बिडकीनला चहाला थांबलो तेव्हा पाहिला नव्हता, असं त्याच्याच पोराचं.

"मग आहे तरी काय?" काकूंनी दारातूनच विचारलं.

"अगं, बीड आहे! सगळा टेबल बीडाचा!"

"बीडचा? मग संभाजीनगरहून कामून आणला?"

अण्णांनी टेबलाच्या गंजलेल्या पाठीवर म्हशीला थोपटावं तशी थाप मारली. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते जड असतं, थरथर पिऊन टाकतं, पत्र्याच्या टेबलासारखं वाकत नाही, वगैरे त्यांनी सांगितलं. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "सर, नाथांच्या घरी श्रीखंड्यानं बारा वर्षं कावडीनं पाणी भरलं. आमच्याकडं हे तीस वर्षं झाले, भंगार भरू राह्यले. फरक एवढाच, तिथला रांजण भरतो तरी."

काकूंचं या घरातलं स्थान समजून घ्यायचं तर पुन्हा पाण्यावरच यावं लागतं. पेन्शनचं पासबुक त्यांच्याकडं, म्हणजे त्या वरच्या अंगाला. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नगर-नाशिकच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं, असं मेंढेगिरी समितीचं सूत्र आहे. अण्णांनी ते घरात लागू करायचा प्रयत्न केला. मशीन ६५ टक्क्यांच्या खाली आहे, तेव्हा वरून काहीतरी सोडा. काकूंनी अगदी नगर-नाशिकवाल्यांसारखीच हरकत घेतली: आमचंच भागत नाही, आणि सोडलेलं वाटेतच जिरतं.

पहिला आठवडा गंज काढण्यात गेला. डिझेल, पॉलिश पेपर आणि काकूंचे दोन जुने परकर. खालून चकचकीत बीड निघालं तसे अण्णा गल्लीतल्या एकेकाला बोलावून त्यावरून हात फिरवायला लावू लागले. मीही फिरवला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

खरा महिना खाल्ला तो नटानं. दुकानातला कोणताच नट शाफ्टवर चढेना. अण्णांनी आठ नट आणले, आठही अर्ध्या आट्यात अडले. शेवटी लेथवाल्या चाचांकडं गेलो. चाचांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, शाफ्टच्या टोकावर नख फिरवलं आणि म्हणाले, "अण्णा, आटे उलटे है इसके. आप सीधे नट की शादी उलटे शाफ्ट से लगा रहे."

आणि त्या उलटेपणात मोठी हुशारी असते. लाकूड पात्याला अडवतं. त्या ओढीनं नट सैल होण्याची भीती. म्हणून बनवणाऱ्यानं आटे अशा बाजूनं पाडलेले असतात की काम जितकं जास्त तितका नट आपोआप घट्ट. चाचांनी हे सांगितलं तेव्हा अण्णांचा चेहरा कीर्तनात बसल्यासारखा झाला होता. घरी येईपर्यंत ते तीन ओळखीच्यांना आणि एका अनोळख्याला हे सांगून आले. नट करायला चाचांना तास लागला. तो आणायला अण्णांनी सात फेऱ्या मारल्या, कारण प्रत्येक फेरीत चहा होता, आणि चाचांकडं कुठल्यातरी पंपाचा इंपेलर नाहीतर उसाच्या चरकाची चावी अडकलेली असे. त्यात अण्णांचं मत लागे.

या जातीची खरी मेख माझ्या इथं लक्षात आली. पूर्ण मशीन घेतली असती तर अण्णा घरात बसले असते. सुट्या भागांनी त्यांना गावभर हिंडवलं. बेरिंगसाठी मोटारसायकलच्या मेकॅनिककडं. तिथं कळलं की ६२०५ नंबरचं बेरिंग म्हणजे आत २५ मिलिमीटर, बाहेर ५२, आणि नंबर एकच असला तरी दोन दुकानांतले भाव एक नसतात. शहागंजापासून जुन्या मोंढ्यापर्यंत त्यांनी संभाजीनगरही पालथं घातलं. शालिवाहनानं याच पैठणात मातीच्या सैन्यात प्राण फुंकले म्हणतात. पण त्याला सैनिकाचा एकेक गुडघा शोधत हिंडावं लागलं नव्हतं.

पुल्यांचं गणित अण्णांनी खात्यातल्या जुन्या वहीत मांडलं. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची. तिच्यावर सहा इंची पुली आणि शाफ्टवर तीन इंची, म्हणजे पातं २८८०. गणित बरोबर होतं. बसवताना पुल्या उलट बसल्या. मोठी शाफ्टवर, छोटी मोटरवर. पातं ७२० वर.

"७२० मध्ये लाकूड कापत नाही, अण्णा," मिस्त्री म्हणाले. "चघळतं."

मिस्त्री आमच्या गल्लीतले जुने सुतार. बोलणं कमी, आणि उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं. ‘दहा दिले होते, साडेनऊ शिल्लक आहेत,’ असा हिशेब ते स्वतःच सांगतात. सगळ्या खटाटोपात त्यांनी तीनदाच तोंड उघडलं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा अण्णांना थोडं बाजूला घेतलं. अण्णांचा विचार गार्डशिवाय चालू करून बघायचा होता. गार्ड काय, मागून येईल.

मिस्त्रींनी एक फळी घेतली आणि हातानंच दाखवलं. पात्याचे पुढचे दाते लाकूड टेबलावर दाबतात, मागचे दाते मात्र वर येत असतात. फळी जराशी तिरकी झाली, मागच्या दात्यांवर चढली, की पातं तिला उचलतं आणि समोर उभ्या माणसाच्या पोटात फेकतं. मी अण्णांच्या वहीत हिशेब केला. दहा इंची पातं, २८८० फेरे, म्हणजे दात्याचा वेग ताशी सुमारे १३८ किलोमीटर. पैठणच्या रस्त्यावर एसटीनं हा वेग कधी पाहिलेला नाही. म्हणून पात्याच्या मागं एक पाचर लागते. पातं २.२ मिलिमीटर जाड, त्याचे दाते ३.२ ची चीर पाडतात. पाचर या दोहोंच्या मधल्या जाडीची हवी, म्हणजे ती चिरेत जाते आणि चीर मिटू देत नाही. फळी पात्याला आवळतही नाही आणि मागच्या दात्यांकडं वळतही नाही.

"बेचाळीस वर्षं काम केलं," मिस्त्री म्हणाले, "आन् बोट गेलं ते एका मिनिटाच्या कामात. मागून येईल म्हणालो होतो, मीबी."

अण्णा त्या दिवशी फार बोलले नाहीत. संध्याकाळी मीच विषय बदलायला म्हणून अमेरिकेतल्या स्टीफन गॅसची गोष्ट सांगितली. हा वकील, शिवाय भौतिकशास्त्रातला डॉक्टर. १९९९ च्या सुमारास त्यानं अशी करवत काढली की पात्याला बोट लागलं तर बारीक विद्युतसंकेत बदलतो, अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि ते सेकंदाच्या एका बारीकशा अंशात जागेवर थांबतं. लोकांना दाखवताना तो बोटाऐवजी सॉसेज लावायचा. पुढं स्वतःचं बोटही लावून दाखवलं.

अण्णांचे डोळे पुन्हा चमकले. "आपल्याला वांगं चालेल का हो?"

"वांग्यांना हात लावायचा नाही," आतून आवाज आला.

गार्ड चाचांनी पत्र्याचा केला, पाचर मिस्त्रींनी स्वतः घासून दिली. मग कळलं की मोटर थ्री फेजची आणि घरची लाईन सिंगल. मात्र शेजारी पिठाची गिरणी होती. चाचणी गिरणीतच घ्यायची ठरली, गहू संपल्यावर आणि बाजरी लागायच्या आधी. डबे घेऊन आलेल्या बायका, त्यांची पोरं, चाचा, मिस्त्री, शिवाय एक अनोळखी गृहस्थ. बहुतेक तो उलट्या आट्यांवालाच. मिस्त्रींनी पातं काढून घेतलं आणि काखेत धरलं. "पैली खेप बिनपात्याची."

बटण दाबलं. मशीन घुमली. बीडानं खरोखर थरथर पिऊन टाकली. टेबलावर उभं केलेलं नाणं पडलं नाही. अण्णांनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडं पाहिलं, आणि त्याच क्षणी नट सुटला, टण्णकन् उडाला आणि दळणाच्या डब्यांच्या रांगेतून घरंगळत दिसेनासा झाला.

मोटर उलटी फिरत होती. उलट्या आट्यांचा नट उलटं फिरवल्यावर दुसरं काय करणार? थ्री फेजमध्ये दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर दिशा बदलते. काम दोन मिनिटांचं. नट शोधायला दीड तास लागला. तो एका आजीबाईंच्या बाजरीत सापडला. दळला गेला असता तर काय, यावर त्यांनी अण्णांना अर्धा तास दिला.

आणि मग मशीन झाली. गाईड अण्णांनी जुन्या खिडकीच्या चौकोनी नळीतून केली, हातचाक त्या शिवणयंत्राच्या नशिबी नसलेल्या चाकाच्या शोधात एका भंगारवाल्याकडं अचानक मिळालं. मोटर बदलून सिंगल फेजची दोन हॉर्सपॉवर बसवली (काकूंनी अखेर पाणी सोडलं, बहुधा आवाज एकदाचा संपावा म्हणून). टेबलावर मेणबत्ती घासली. पहिली सागवानी फळी कापली तेव्हा मिस्त्रींनी कापलेल्या कडेवर गुण्या लावून उजेडात धरला. फटीतून उजेड आला नाही.

"१५२२," अण्णा पुटपुटले.

त्यानंतर पंधरा दिवस अण्णा आजारी माणसासारखे दिसत होते. फोन नाही, फेऱ्या नाहीत. मशीनवर काकूंची जुनी साडी पांघरलेली. कापायला काही होतं का? सगळ्या गल्लीचे पाट, चौरंग, देव्हाऱ्याच्या फळ्या दोन दिवसांत कापून झाल्या होत्या. चाचांनी निरोप पाठवला, अण्णा रुसले का?

परवा संध्याकाळी गेलो तर साडी जमिनीवर पडलेली, अण्णा टेबलाखाली आडवे, आणि एक परका माणूस टॉर्च धरून उभा. शेवगावचा होता. त्याच्याकडं हीच मशीन होती, हाच कारखाना, हेच बीड. बाकी सगळं होतं, फक्त हातचाक नव्हतं. चाचांनीच पत्ता दिला होता.

दहा मिनिटांनी तो माणूस हातचाक पिशवीत घालून, पैसे घ्या म्हणत, पण अण्णा घेईनात म्हणून न देताच, निघून गेला. अण्णा धूळ झटकत उठले. चेहऱ्यावर पंधरा दिवसांत न दिसलेला तजेला होता.

"कुठला होता?" काकू बाहेर आल्या.

"शेवगावचा."

"म्हणजे नगर जिल्हा. अहो, ते वरून खाली सोडतात का? तुम्ही खालून वर सोडलं!"

"धरण भरल्यावर करता काय? दरवाजे उघडावेच लागतात."

"किती उघडले?"

"एकच," अण्णा म्हणाले. "अर्ध्या फुटानं." आणि चप्पल शोधू लागले.