आधी पाणी वाचायला शिकवा

अँटॉप हिलवरून समुद्र दिसत नाही, पण पावसाळ्यात तो नाल्यातून दारापर्यंत येतो. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळेला आले की नाल्याचं पाणी समुद्र घेत नाही, आणि वस्तीत गुडघाभर पाणी साचतं. म्हणून समुद्राचा कारभार कोण करतं आणि त्याला त्यातलं काय कळतं, हे विचारायचा इथल्या माणसाला पुरेपूर हक्क आहे.

जवळच शिवडीला, 'हे बंदर' रोडवर, इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आहे. विद्यापीठ २००८ च्या कायद्याने झालं, पण मुंबईत जहाजावरचे अधिकारी घडताहेत ते १९२७ च्या 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजापासून. जहाज चालवणारी माणसं आपण जगाला पुरवली. समुद्राचा कारभार चालवणारी माणसं मात्र आपण घडवत नाही, बदलीवर पाठवतो. काल दुसऱ्याच खात्यात असलेला साहेब आज मत्स्यव्यवसायाच्या खुर्चीत बसतो आणि भरतीचं गणित कळू लागेपर्यंत त्याची पुढची ऑर्डर निघते.

शिवडीचाच चिखल बघा. धक्का पोर्टाचा, मासळी मत्स्यव्यवसाय खात्याची, तिवरं आणि फ्लेमिंगो वनखात्याचे, सांडपाणी महापालिकेचं, वरून गेलेला अटल सेतू एमएमआरडीएचा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याची, त्यापुढची केंद्राची. पाणी एकच, फायली डझनभर. आणि या सगळ्या फायली एकत्र मांडून कुठल्या पाण्यावर कोणाचा किती हक्क हे ठरवण्याचं शिक्षण कुठल्याही साहेबाला सक्तीचं नाही.

याची किंमत वरळीला दिसली. कोस्टल रोडच्या पुलाचे दोन खांब एकमेकांपासून साठ मीटरवर यायचे होते. वरळी कोळीवाड्यातले नाखवा सांगत होते, वारा आणि पाण्याची ओढ एकत्र आली की एवढ्या फटीतून होडी सरळ निघत नाही, खांबावर आदळेल. कागदावर साठ मीटर म्हणजे ऐसपैस! कोळ्यांनी काम अडवलं, आणि २०२२ च्या अखेरीस अंतर एकशेवीस मीटर करायचं ठरलं. जे पहिल्या बैठकीत विचारून कळलं असतं, ते आंदोलन करून कळवावं लागलं. आता वाढवण बंदराला पालघरचे मच्छीमार विरोध करताहेत, तिथेही आधी भूमिपूजन आणि मग समजूत.

कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात १९८१ पासून नोकरीतल्या अधिकाऱ्यांना सागरी कारभाराचा अभ्यासक्रम शिकवतात. कायदा, मासेमारी, बंदर, प्रदूषण सगळं एकत्र. त्यामागे एलिझाबेथ मान बोर्गेसे या बाईंनी १९७२ साली उभी केलेली संस्था आहे. आपल्याकडे असं सगळं एकत्र बघणाऱ्या सागरी नियोजनाचा नॉर्वेच्या मदतीने पहिला प्रयोग झाला तो पुद्दुचेरी आणि लक्षद्वीपला. मुंबईने कशाची वाट बघायची?

डलहौसीसारखा वर्ग शिवडीलाच भरवा. पण तिथे नुसते नकाशे नकोत. डोल जाळं बघा. ते खुंट्यांना बांधून पाण्याच्या ओढीत सोडतात. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, ओढ असते म्हणून बोंबील, जवळा जाळ्यात येतो. भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी मंदावतं, जाळं रिकामं. कुठला खुंटा कोणाचा हे वहिवाटीने ठरलेलं, सरकारी नकाशात त्याची रेघ नाही. ही रेघ ज्याला दिसत नाही त्याने त्या पाण्यावर भराव टाकायची परवानगी देऊ नये.

म्हणून मागणी सरळ आहे. किनाऱ्याच्या फायलीवर सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला, एका भांगापासून पुढच्या भांगापर्यंत, सलग पंधरवडाभर होडीवर पाठवा. शिकवायला कोळीवाड्यातले तांडेल आणि मासळी विकणाऱ्या बायका नेमा, आणि प्राध्यापकाला देता तेवढंच मानधन त्यांना द्या. हा पंधरवडा पुरा केल्याचा दाखला फायलीला जोडलेला नसेल, तर ती फाईल पुढे सरकता कामा नये.