शिट्ट्या किती?

आमच्या दिग्दर्शकाला सगळं खरं हवं होतं. पुण्याच्या स्टुडिओतलं प्लायवूडचं स्वयंपाकघर, त्याला खोटी खिडकी आणि खिडकीत छापील सूर्यास्त, याचा त्याला वीट आला होता. ‘‘काकू, खरी चूल, खरं आकाश, मागे खरा जिराफ!’’ तो म्हणाला. निर्मात्यांनीही मान डोलावली, कारण त्यांच्या मेहुण्याची नैरोबीत ओळख निघाली. अशा रीतीने आमचा पाककृतींचा कार्यक्रम केनियातल्या मासाई मारात जायचं ठरलं.

मी कार्यक्रमाची संहिता लिहिते. परदेशातल्या शूटिंगला माणसं मोजून नेतात, त्यामुळे तिथे संहिता लिहिणाऱ्या बाईला कांदाही चिरावा लागतो. निघायच्या आदल्या रात्री मी गोडा मसाला, तिखट, तूरडाळ सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून गाठी मारल्या आणि तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे. दंड 40 लाख शिलिंगांपर्यंत, नाहीतर चार वर्षांपर्यंत कैद. कोठडीत शेजारचा विचारणार, ‘‘तुम्ही कशात आलात?’’ आणि मी सांगणार, ‘‘गोड्या मसाल्यात.’’ रात्री दोन वाजेपर्यंत उशांचे अभ्रे फाडून पुरचुंड्या शिवल्या. अजून आमच्या घरच्या एका उशीला जिरेपुडीचा वास येतो.

नैरोबी ते मारा हा रस्ता सहा तासांचा. वाटेत रिफ्ट व्हॅलीचा अफाट कडा लागतो, तिथे सगळे उतरले आणि सगळ्यांनी स्वतःचेच फोटो काढले. आमच्या स्पॉटदादांनी मात्र गाडीतून पाय खाली ठेवला नाही. त्यांनी विमानात सावोच्या सिंहांची गोष्ट वाचली होती. मोंबासाहून आत रेल्वे टाकायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर आणले, आणि 1898 साली सावो नदीच्या पुलावर दोन सिंहांनी त्यांतले कित्येक खाल्ले. ‘‘म्हणजे आपल्या माणसांची चव इथे माहितीये,’’ दादा म्हणाले. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

कँपवर ‘म्पिशी’, म्हणजे आचारी, हातात लाकडी उलथनं घेऊन उभा होता. ‘‘तयारी?’’ त्याने विचारलं. मी चाटच पडले. ‘‘हो हो, सगळी तयारी झालीय,’’ म्हटलं. मग कळलं की स्वाहिलीत ‘तयारी’ म्हणजे तयार. पुढे तर रांगच लागली. चहाला चाय, साखरेला सुकारी, कोथिंबिरीला दानिया, साबणाला साबुनी, दुकानाला दुका आणि पैशाला पेसा. चपातीला तर चपातीच, आणि ती तेल लावून पदर सोडवून अशी केलेली की आमच्या अँकरताईंनी पाककृती विचारली. संध्याकाळपर्यंत मला वाटायला लागलं, आपण कोल्हापूरच्या थोडंसंच पुढे कुठेतरी आलोय. उलथन्याला मात्र ‘म्विको’. या शब्दाचा दुसरा अर्थ निषिद्ध गोष्ट. ज्या सुनेने सासूच्या स्वयंपाकघरात न विचारता उलथनं उचललंय, तिला हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात का, ते वेगळं सांगायला नको.

खुद्द राखीव जंगलात गाडीतून उतरायला बंदी असते. म्हणून मेहुण्याच्या ओळखीने शेजारची, मासाई लोकांच्या मालकीच्या जमिनीवरची कॉन्झर्व्हन्सी मिळवली होती. तिथे पहारेकऱ्यासह पायी फिरता येतं. पहारेकरी म्हणजे ‘अस्करी’. लाल शुका पांघरलेला उंच गृहस्थ, हातात रुंगू नावाचा गोल डोक्याचा सोटा. तीन दगडांची चूल मांडली, मातीचं भांडं चढवलं, ताईंना नऊवारी नेसवली. जिराफ नव्हता. बाकी फ्रेम झकास होती.

‘‘कट! शिट्टी कोण वाजवतंय?’’ साउंडवाले दादा ओरडले.

कुणीच वाजवत नव्हतं. म्हणजे झाड वाजवत होतं. तिथे एका जातीच्या बाभळीच्या काट्यांच्या बुडाशी पोकळ गाठी येतात, मुंग्या त्यांना भोकं पाडून आत राहतात आणि वारा सुटला की त्या भोकांतून शिट्ट्या निघतात. अशी शेकडो झाडं आमच्याभोवती. दादांनी हेडफोन काढले, झाडांकडे पाहिलं आणि अस्करीला विचारलं, ‘‘वारा कधी पडतो?’’ अस्करी हसला. दुसऱ्या टेकला घारीने खोबऱ्याची वाटी उचलली. तिसऱ्याला ताई ‘‘नमस्कार सुगरणींनो’’ म्हणाल्या आणि पदरावर मुंग्या चढल्या. मुंग्या त्याच, घरमालक.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकते. पडद्यावर दहा मिनिटांत होणारा पदार्थ तीन भांड्यांत असतो: कच्चा, अर्धा आणि झालेला. ताई कच्चं चुलीवर ठेवतात, हसतात, आणि ‘‘बघा हं’’ म्हणत टेबलाखालून झालेलं काढतात. त्या दिवशीची झालेली भरली वांगी मी आणि म्पिशीने पहाटे चार वाजता उठून केली होती. आठ वांगी, देठासकट, कढईत, वर फडकं.

‘‘बघा हं,’’ ताईंनी फडकं उचललं. कढईत एक वांगं होतं. बाकीची टेबलामागे एक बबून पोटाशी घेऊन बसला होता. एकेक वांगं देठाला धरून, मसाला आधी चाटून, मग गर, असं शिस्तीत चाललं होतं. देठांचा नीट ढीग केला होता. कॅमेरामनने कॅमेरा बंद केला नाही, त्यामुळे आमच्या कार्यक्रमात पदार्थ खरोखर आवडून खाणाऱ्याचं एवढंच एक दृश्य आहे. अस्करीने रुंगू नुसता उचलला, तशी स्वारी उठली. जाताना आठवं घेऊन गेली.

‘‘आता खरंच करू,’’ दिग्दर्शक म्हणाला. इतका वेळ काय करत होतो, हे मी विचारलं नाही.

उरली होती तूरडाळ, आणि म्पिशीची सुकुमा विकी. ही कोबीच्या कुळातली पालेभाजी. नावाचा अर्थ ‘आठवडा ढकल’, म्हणजे महिनाअखेरीची भाजी. डाळ मातीच्या भांड्यात शिजायला टाकली. तास झाला, दीड तास झाला. डाळ उसळतेय, नाचतेय, पण दाबली की टणक. मारा दीड हजार मीटरहून उंच. तिथे पाणी साधारण 95 अंशांवरच उकळायला लागतं आणि मग कितीही लाकडं घाला, त्याहून तापत नाही. विषुववृत्ताजवळ संध्याकाळही रेंगाळत नाही. साडेसहा वाजून गेले की सूर्य दिवा मालवावा तसा जातो. साडेपाच झाले होते.

‘‘कुकर लावू या,’’ मी म्हटलं.

‘‘चुलीवर कुकर? फ्रेम मरेल, काकू!’’

‘‘आणि शिट्टी?’’ साउंडदादा कळवळले.

‘‘झाडांची चालते, माझी नाही?’’ मी सामानातून पाच लिटरचा कुकर काढलाच.

वरच्या झाडावर व्हर्वेट माकडांचं टोळकं बसलं होतं. याच माकडांवर केनियातल्याच अंबोसेलीत संशोधन झालं, ते 1980 साली प्रसिद्ध झालं. बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी ती वेगवेगळी हाक देतात. बिबट्याची ऐकली की झाडावर चढायचं, गरुडाची ऐकली की वर पाहून झुडपात घुसायचं, सापाची ऐकली की दोन पायांवर उभं राहून गवतात बघायचं. पहिली शिट्टी झाली. काही वर चढली, काही खाली झुडपात पडली, आणि एक म्हातारं माकड उभं राहून गंभीरपणे गवत न्याहाळू लागलं. कुकरसाठी त्यांच्यात हाक नव्हती.

दुसऱ्या शिट्टीला दूर काहीतरी उंच हललं. जिराफ होता. दिवसभरात पहिल्यांदाच आला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. तिसऱ्या शिट्टीला अस्करी टॉर्च घेऊन आला. अंधार पडला की पाणघोडे नदीतून चरायला बाहेर येतात, आता आवरा, म्हणाला. स्पॉटदादा तोवर गाडीत बसलेही होते.

जेवण कँपवर कंदिलाच्या उजेडात झालं. आमटी, सुकुमा विकी आणि म्पिशीने घोटलेली पांढऱ्या मक्याच्या पिठाची उगाली. आपल्या उकडीची थोरली बहीण. गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात आमटी उचलायची. ताईंनी नऊवारीतच तिसऱ्यांदा वाढून घेतली. याचं चित्रण झालं नाही. कॅमेरामनचे हात आमटीत होते.

म्पिशीने रिकामा कुकर उचलला, शिट्टी काढून पाहिली, परत बसवली. त्याच्याकडचे कुकर नुसते फुसफुसायचे. त्याने धंद्यातल्या माणसासारखं थेट विचारलं, ‘‘मारा न्गापी?’’

मला वाटलं, मारातलं काही विचारतोय. मासाईंच्या भाषेत मारा म्हणजे ठिपकेदार, झुडपांच्या ठिपक्यांचं माळरान. अस्करीने समजावलं, हे ते नव्हे. स्वाहिलीत मारा म्हणजे वेळा, न्गापी म्हणजे किती.

शिट्ट्या किती!

‘‘तातू,’’ मी तीन बोटं दाखवली. ‘‘राजम्याला जास्त.’’

त्याने मान डोलावली. तेवढ्यात बाहेर काळोखात एक तरस खालून वर चढत्या सुरात लांबलचक ओरडलं.

‘‘चौथी,’’ साउंडदादा म्हणाले आणि उगालीचा पुढचा घास मोडला.