बोईसरचा बर्फ

पारा ७ अंशांखाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड सोडतं, म्हणून युरोपात हिवाळी टायर मऊ रबराचे करतात. त्यांच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण कोरलेला असतो. एवढं ज्ञान मिळवून बोईसरचे एक स्पोर्ट्स कारवाले सध्या चिंतेत आहेत: हिवाळी घ्यावेत की बारमाही?

आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे रिक्षावाले कानटोपी घालतात खरे. पण पारा ७ वर उतरायला तारापूरच्या समुद्राची परवानगी लागते, आणि तो ती देत नाही. दुपारच्या तापल्या डांबरावर ते मऊ रबर खोडरबरासारखं झिजेल. टायरची खरी परीक्षा जुलैत. खाचांनी पाणी बाहेर फेकायचं असतं, म्हणून कायदा त्यांची खोली किमान १.६ मिलिमीटर मागतो. एमआयडीसीकडच्या रस्त्यांवरचे खड्डे खोलीच्या बाबतीत कायद्याहून बरेच उदार. स्पोर्ट्स कारच्या टायरची बोटभर भिंत तिथे रिमला काय वाचवणार?

नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "शेठ, टायर कोणतेही घ्या, पण रिम दोन जास्तीचे घेऊन ठेवा."