गिटारला चार आवाज पुरे

गणपती तोंडावर आले की आमच्या चौबे कॉलनीत संध्याकाळी गिटारी ऐकू येतात. महाराष्ट्र मंडळ याच वस्तीत, त्यामुळे गणपतीतल्या कार्यक्रमाच्या तालमींची धांदल घराघरांत पोचते. अलीकडे मात्र गाणं कमी आणि चाचपडणं जास्त ऐकू येतं. एक तुकडा वाजतो, थांबतो, तोच तुकडा गुहेतून आल्यासारखा वाजतो, पुन्हा थांबतो, मग करवतीसारखा किंचाळतो. वाजवणाऱ्या पोराचा हात थकलेला नसतो. तो पायाशी ठेवलेल्या मॉडेलरमधली, म्हणजे वेगवेगळ्या ॲम्पांची नक्कल करणाऱ्या यंत्रातली, आवाजांची यादी वाचत असतो.

पोराला दोष देऊ नका. ती यादी बनवणाऱ्यांनी त्याला बुडवलं आहे. लाइन 6 कंपनीचा हेलिक्स हा मॉडेलर 2015 साली आला. त्यात 8 सेटलिस्ट आणि प्रत्येकीत 128 जागा, म्हणजे 1024 आवाज. एकेकाला दोन मिनिटं दिली तरी 34 तास होतात. तेवढ्या वेळात कार्यक्रमातली सगळी गाणी बसतात. बॉसचं जीटी-1 तर पिशवीत मावणारं यंत्र, पण त्यातही 99 आवाज तयार आणि आणखी 99 आपण भरायचे. जाहिरात हेच आकडे मोठ्या टायपात छापते. यातले कोणते आवाज आपल्या कामाचे नाहीत, हे कोणीच सांगत नाही.

कारखान्यातून आलेले आवाज दुकानात छाप पाडायला केलेले असतात. ते दुसऱ्याच्या गिटारवर, दुसऱ्याच्या स्पीकरवर जुळवलेले. म्हणून त्यांत रिव्हर्ब (घुमारा) भरपूर, डिले (प्रतिध्वनी) भरपूर, गेन (आवाज फाडणारा जोर) त्याहून भरपूर. खोलीत एकट्याने वाजवलं की अंगावर काटा येतो. तबला, कीबोर्ड आणि गाणारा गळा सोबत आला की तोच आवाज कुठे गेला ते कळत नाही.

नावांनीही घोळ घातला आहे. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे खरी नावं छापता येत नाहीत, म्हणून हेलिक्समध्ये 'एसेक्स ए30' म्हणजे वॉक्सचा एसी30, 'ब्रिट प्लेक्सी' म्हणजे मार्शल आणि 'यूएस डीलक्स' म्हणजे फेंडर. हा पडदा बाजूला केला की शंभर ॲम्पांची तीनच मुख्य घराणी उरतात. फेंडर स्वच्छ आणि घुमारदार. वॉक्स झळाळता, टोकदार. मार्शल मधल्या पट्टीत भरलेला, जोर लावला की फाटणारा. त्यातही मार्शलचा पहिला ॲम्प, जेटीएम45, फेंडरच्या बासमनच्या आराखड्यावरून बांधलेला. मेटल वाजवणाऱ्यांसाठी मेसाचा रेक्टिफायर आहे, पण भावगीतांच्या रात्री त्याला घरीच राहू द्या.

थोडक्या आवाजांत किती भागतं, यासाठी आता एका माणसाकडे बघा.  'क्वीन' या बँडचा गिटारवादक ब्रायन मे. याने 1963 साली वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. तीच गिटार, वॉक्सचा एसी30, मध्ये एक ट्रेबल बूस्टर आणि पिक म्हणून सहा पेन्सचं नाणं, मुख्यतः एवढ्यावर त्याने उभी कारकीर्द काढली. ॲम्पचा आवाज तो पूर्ण उघडा ठेवतो आणि गिटारवरचा व्हॉल्यूम फिरवतो. कमी केला की आवाज साफ, थोडा वाढवला की करकरीत, पूर्ण उघडला की लांबलचक गाणारा. एका ॲम्पमधून तीन आवाज, तेही पायाने काही न दाबता. आपल्या पोरांच्या गिटारवरही ही गोल खुंटी असते. ती कायम दहावर चिकटलेली असते, याचं मला फार वाईट वाटतं.

आवाज जुळवताना सगळे ॲम्पमध्ये डोकं घालतात. त्याआधी कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं, निवडा. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने गळतो, आणि आपल्याला ओळखीचा वाटणारा गिटारचा आवाज बराचसा या गळतीतूनच घडतो. कॅबिनेट बदललं की तोच ॲम्प ओळखू येत नाही. मंडपात गिटार थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जाणार असेल तर यंत्रातलं कॅबिनेट चालू हवं, नाहीतर माशीसारखा आवाज येतो. गिटारच्या ॲम्पमध्ये जोडणार असाल तर ते बंद करा, नाहीतर स्पीकरवर स्पीकर चढून सगळं गोधडीत गुंडाळल्यासारखं होतं. जीटी-1मध्ये यासाठी आउटपुट सिलेक्ट आहे. विकत घेतल्या दिवशी आधी ते लावायचं असतं.

रात्री हेडफोनवर जुळवलेला आवाज मंडपात दगा देतो, त्यालाही कारण आहे. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच दाखवलं की आवाज हळू असला की कानाला खर्ज आणि अगदी वरची टोकं कमी ऐकू येतात. म्हणून खोलीत आपण बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड खाली ओढतो. मंडपात आवाज चढला की बास घुमतो, ट्रेबल कान कापतो, आणि ज्या मधल्या पट्टीत गिटार ऐकू यायची तिथे खड्डा. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झच्या आसपास. त्याखालचं सगळं लो कटने काढून टाका, ती जागा बास गिटारची आणि ढोलकीची. वर सहा-सात हजारांवर हाय कट. मिड वाढवा. एकट्याने ऐकताना हे ओबडधोबड वाटेल, वाटू द्या.

मग आवाज करायचे चार. भावगीतासाठी साफ. हिंदी गाण्यांच्या तालासाठी किंचित फाटलेला. सोलोसाठी तोच, पण थोडा मोठा आणि त्याला जरासा डिले. चौथा एखाद्या गाण्याची खास गरज असेल तरच. चारही आवाजांची पातळी एकमेकांशी जुळवून घ्या, कारण जो आवाज मोठा तोच कानाला चांगला वाटतो आणि निवड फसते. गेन आपल्याला हवा वाटतो त्याहून कमी ठेवा. बँडमध्ये जास्त गेनचा आवाज चपटा होऊन मागे पडतो. हे सगळं तालमीत, बाकीचे वाजवत असताना करा.

यंत्रात साठवलेल्या आवाजाला, म्हणजे पॅचला, ॲम्पचं नाव देऊ नका, गाण्याचं द्या. स्टेजवर दिवे डोळ्यांवर असतात, निवेदक पुढच्या गाण्याचं नाव घेऊन मोकळा झालेला असतो, आणि त्या छोट्या पडद्यावर 'ब्रिट प्लेक्सी' वाचून कुठलं गाणं ते आठवायला वेळ नसतो.