पाल्य-प्रस्थान विधी : पालकांसाठी संक्षिप्त मार्गदर्शिका

पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला निघालेल्या पाल्याला निरोप देणे हे कार्य वरकरणी भावनिक भासत असले, तरी महाराष्ट्रीय मध्यमवर्गात ते वजनमापाचे शास्त्र मानले जाते. कारण विमान कंपन्या सामान्यतः एका बॅगेत 23 किलो सामान नेऊ देतात आणि आईवडिलांची माया त्या मर्यादेत बसवणे हाच या विधीचा गाभा होय.

पहिली पायरी भरणीची. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि कुकर यांना अग्रक्रम देऊन उरलेल्या फटींत कपडे कोंबावेत. तूप व पेढे मात्र वगळावेत, कारण युरोपीय संघ बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणू देत नाही. हा नियम आजीला समजावण्याचे काम घरातील सर्वांत धीट व्यक्तीकडे सोपवावे. वजन जास्त भरल्यास प्रथम पुस्तके काढावीत. भाजणीला हात लावू नये.

दुसरी पायरी विमानतळाची. तिकीट नसलेल्यांना आत सोडत नसल्याने निरोप दारातच उरकावा लागतो, म्हणून तेथे केवळ व्यवहाराचे बोलावे : पासपोर्ट, हातातल्या बॅगेतच ठेवायची पॉवर बँक आणि ‘ब्लॉक्ड अकाउंट’, म्हणजे वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच भरून घेऊन दरमहा ठरावीक हप्ताच हाती देणारे खाते. या व्यवस्थेचे श्रेय जर्मनीला मिळत असले, तरी मराठी वडील ती पॉकेटमनीच्या रूपाने फार पूर्वीपासून राबवत आले आहेत. कंठ दाटून आल्यास त्यांनी पार्किंगची पावती शोधू लागावे.

तिसरी पायरी ‘उत्तरप्रस्थान अवस्थे’ची, म्हणजे दोघांच्या घरात तिघांची कणीक मळली जाण्याच्या काळाची. भारताची वेळ जर्मनीपेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास पुढे असते. त्यामुळे त्या रविवारी फोन तासभर उशिरा आल्यास नातेवाइकांना कळवण्यापूर्वी घड्याळ पाहावे.

प्रारंभी वरणाला किती शिट्ट्या द्याव्यात हे विचारणारे फोन येतात. पुढे ते विरळ होत जातात आणि अभिमान व हिरमोड एकाच वेळी जाणवू लागतात. ही अवस्था स्वाभाविक असून तीवर औषध घेऊ नये. मूल स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणूनच एवढी वर्षे खटाटोप केलेला असल्याने, ते खरोखर उभे राहिल्याची तक्रार पालकांनी फार मोठ्याने करू नये.