काळा पट्टा, छापील

वेड घेऊन लोक ज्या पेडगावला जातात, ते आमचं नव्हे. ते तिकडं श्रीगोंदा तालुक्यात, भीमेकाठी. आमचं परभणीजवळचं, मानवतच्या वाटेवरचं. हा खुलासा करण्यात उभा जन्म गेला. गेल्या आठवड्यापासून तो बंद केलाय, कारण नातवाला घेऊन परभणीच्या बाजारात गेलो आणि येताना कराट्याचा ड्रेस घेऊन पेडगावला आलो.

छातीवर आग ओकणारा ड्रॅगन, पाठीवर वाघ, बाहीवर चिनी की जपानी अक्षरं. ती काय म्हणतात, ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. ‘घ्या की काका, लेकराला उठून दिसतंय,’ एवढाच अर्थ त्यानं लावला. कमरेला काळा पट्टा, तोही छापलेला. वर एक कापडी पट्टा फुकट. लेकरू सहा वर्षांचं. शेजारच्या कोंबड्याला अजून भितं.

काळा पट्टा ज्यूदोवाल्या जिगोरो कानोंनी जपानात १८८०च्या दशकात आणला, तो वर्षानुवर्षं आपटून घेतलेल्यांसाठी. आमच्याकडं पट्टा आधी, आपटणं मागाहून, जमलं तर. ‘कराटे’ म्हणजे म्हणे रिकामा हात. बिल दिल्यावर मला ते लगेच पटलं.

खरं तर पट्टा म्हटलं की आम्हाला दांडपट्टा आठवतो. सरकारनं २०२४ साली त्याला राज्यशस्त्र केलं. त्याचं चित्र असलेला टी-शर्ट मागितला तर दुकानदार म्हणाला, ‘ते चालत नाही, काका.’ कुस्तीचं तर विचारूच नका. लंगोटावर छापायला जागा कुठली? तालमीत छापील म्हणावं असं एकच, चीत झालेल्याच्या पाठीवरची माती. ती दुकानात मिळत नसे.

आणि कापड? घरचा कापूस मानवतच्या बाजारात गेला, नातवाच्या अंगावर मात्र शंभर टक्के पॉलिस्टर आलं. परभणीच्या मे महिन्यात ते घातलं, तर आग ओकणाऱ्या ड्रॅगनलाही घामोळं येईल.

दुसऱ्या धुण्यात ड्रॅगनचं तोंड गेलं, तिसऱ्यात वाघाच्या मिशा. फुकटातला कापडी पट्टा तेवढा टिकाऊ निघाला. सध्या तो वासराच्या गळ्यात आहे. परीक्षा त्यानंही दिलेली नाही.